सिडनी कॅम

सर सिडनी कॅम (५ ऑगस्ट १८९३ – १२ मार्च १९६६) हे ब्रिटिश विमानरचनाकार होते. हॉकर या विमान कंपनीत ते १९२३ मध्ये आरेखक म्हणून रुजू झाले, १९२५ मध्ये मुख्य रचनाकार झाले आणि मृत्यूपर्यंत त्याच कंपनीशी जोडलेले राहिले. हार्ट, फ्युरी, हरिकेन, टायफून, टेम्पेस्ट, सी हॉक आणि हंटर ही विमाने त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. जागच्या जागी उभे वर चढू शकणाऱ्या हॅरियर विमानाचा पायाही त्यांच्याच कार्यालयात घातला गेला. लाकूड, तार आणि कापड यांच्या विमानांपासून जेट विमानांपर्यंतचा सारा पल्ला एका माणसाच्या नोकरीच्या काळात पार पडल्याची अशी उदाहरणे विमानविद्येच्या इतिहासात फार थोडी आहेत.

जगातील मोठ्या लष्करी विमान संग्रहालयांपैकी क्वचितच एखादे असेल, जिथे कॅम यांचे एकही विमान नाही. भारतात दिल्लीजवळच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आणि गोव्यातील नौदलाच्या विमान संग्रहालयात त्यांची विमाने पाहावयास मिळतात. तरीही सामान्य वाचकाला स्पिटफायर हे नाव जितके परिचित असते, तितके कॅम यांचे नाव नसते.

बालपण आणि विंडसरमधील दिवस

कॅम यांचा जन्म इंग्लंडमधील बर्कशायर परगण्यातील विंडसर या गावी झाला. वडील फ्रेडरिक हे सुतारकाम करीत. बारा भावंडांत सिडनी थोरले. विंडसरच्या रॉयल फ्री स्कूल या शाळेत त्यांचे शिक्षण झाले व १९०६ मध्ये त्यांना शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु घरची परिस्थिती पुढे शिकण्यासारखी नव्हती. १९०८ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि सुतारकामाची उमेदवारी सुरू केली. विद्यापीठाची पायरी ते कधीच चढले नाहीत. पुढे त्यांच्या हाताखाली अनेक पदवीधर अभियंते राबले, पण लाकडाचा तुकडा हातात घेऊन त्याचे वजन अजमावण्याची सुताराची सवय कॅम यांच्यातून गेली नाही.

राइट बंधूंच्या उड्डाणांनी त्या काळी युरोपातील तरुण मुले भारावून गेली होती. सिडनी आणि त्यांचे भाऊ विमानांच्या प्रतिकृती बनवू लागले. विंडसरसमोर, थेम्स नदीच्या पलीकडे, ईटन ही श्रीमंतांच्या मुलांची नामांकित शाळा आहे. तेथील एका दुकानाला हे भाऊ आपल्या प्रतिकृती पुरवीत. पुढे दुकानदाराला वगळून थेट ईटनच्या विद्यार्थ्यांना माल विकला तर अधिक पैसे मिळतात, हे त्यांच्या लक्षात आले. शाळेच्या आणि दुकानदाराच्या नजरेत येऊ नये म्हणून हा व्यवहार रात्री, गुपचूप होई. १९१२ मध्ये विंडसर येथे प्रतिकृती-विमानांचे मंडळ स्थापन झाले, त्यात कॅम पुढे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मंडळाने माणूस बसू शकेल असे ग्लायडर बांधले. भावांपैकी फ्रेडरिक जेम्स कॅम हे पुढे रेडिओ व तांत्रिक छंदांवरील लोकप्रिय नियतकालिकांचे संपादक म्हणून नावाजले.

मार्टिनसाइड कंपनी

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॅम ब्रुकलँड्स येथील मार्टिनसाइड या कंपनीत सुतार म्हणून लागले. युद्धकाळात विमानांची मागणी झपाट्याने वाढली आणि कारागिरांतील हुशार माणसांना वर चढण्याची संधी मिळाली. कॅम कारखान्यातून आरेखन विभागात आले. शत्रूची हस्तगत केलेली विमाने तपासण्याचे कामही त्यांच्याकडे आले होते. दुसऱ्याने बांधलेली वस्तू उकलून पाहण्याइतके चांगले शिक्षण नाही, आणि कॅम यांना ते नोकरीत आपोआप मिळाले. १९१५ मध्ये त्यांचा हिल्डा रोझ स्टार्न्स यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगी झाली. १९१९ मध्ये विमानबांधणीवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

युद्ध संपताच विमानांची मागणी आटली. मार्टिनसाइड कंपनी १९२१ मध्ये बुडाली. काही काळ कॅम यांनी त्या कंपनीचे एक संस्थापक जॉर्ज हँडासाइड यांच्याबरोबर काम केले.

हॉकर कंपनी आणि धातूचा सांगाडा

थॉमस सॉपविथ यांच्या विमान कंपनीलाही युद्धानंतर टाळे लागले होते. १९२० मध्ये सॉपविथ, वैमानिक हॅरी हॉकर आणि फ्रेड सिग्रिस्ट प्रभृतींनी किंग्स्टन येथे हॉकर यांच्या नावाने नवी कंपनी काढली. हॅरी हॉकर पुढच्याच वर्षी विमान अपघातात मरण पावले. नाव मात्र राहिले. नोव्हेंबर १९२३ मध्ये कॅम या कंपनीत वरिष्ठ आरेखक म्हणून दाखल झाले.

तेथील त्यांचे पहिले विमान म्हणजे सिग्नेट हे दोन आसनी, अतिशय हलके विमान. लिम्पन येथील हलक्या विमानांच्या स्पर्धांत त्याने नाव मिळवले. त्यामुळे १९२५ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कॅम मुख्य रचनाकार झाले. मूळ सिग्नेट विमानांपैकी एक आजही ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे.

त्याच सुमारास सिग्रिस्ट आणि कॅम यांनी विमानाच्या सांगाड्याची एक नवी पद्धत बसवली. पुढील पंधरा वर्षांचा सारा इतिहास या पद्धतीवर उभा आहे, म्हणून ती समजून घेणे आवश्यक आहे. लाकडाऐवजी धातूच्या नळ्या वापराव्यात हे तोवर सर्वांना पटले होते. प्रश्न होता तो नळ्या जोडायच्या कशा हा. वितळजोड, म्हणजे वेल्डिंग, करायचे तर कुशल कारागीर हवा, आणि उष्णतेने नळीचा तो भाग दुबळा होण्याची भीती. हॉकरच्या पद्धतीत गोल नळीचे टोक दाबून चौकोनी केले जाई आणि दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावून बोल्ट व रिव्हेट यांनी सांधा पक्का होई. यात दुर्मीळ कौशल्य लागत नसे. एखादी नळी वाकली, तर तेवढीच काढून दुसरी बसवता येई. वायव्य सरहद्दीवरील एखाद्या एकाकी तळावर, साध्या हत्यारांनिशी काम करणाऱ्या फिटरलाही हे जमण्यासारखे होते. सुताराच्या मुलाने धातूत केलेली ही सुतारकीच होती.

हार्ट आणि फ्युरी

जून १९२८ मध्ये हार्ट या द्विपंखी, हलक्या बॉम्बफेकी विमानाचे पहिले उड्डाण झाले. रोल्स-रॉइसचे केस्ट्रेल एंजिन, निमुळते नाक आणि वरील सांगाडा यांमुळे ते इतके वेगवान ठरले की हवाई सरावांत त्या वेळची ब्रिटिश लढाऊ विमाने त्याला गाठू शकत नसत. ज्याने पाठलाग करायचा तेच मागे पडते, हे पाहून हार्टचेच लढाऊ रूप तयार करण्यात आले. डीमन, ऑडॅक्स, हार्डी, ऑस्प्रे, हाइंड, हेक्टर अशी एकाच खोडाच्या फांद्यांसारखी विमाने पुढील काही वर्षांत निघत गेली. १९३१ मध्ये हवाई दलात आलेले फ्युरी हे सरळ उड्डाणात ताशी २०० मैलांचा (सुमारे ३२२ किलोमीटर) टप्पा ओलांडणारे ब्रिटिश सेवेतील पहिले लढाऊ विमान होय. आर्थिक मंदीच्या त्या काळात अनेक विमान कंपन्या कशाबशा तग धरून होत्या; हॉकरचे कारखाने मात्र भरलेले असत.

हार्ट विमानांची एक खास आवृत्ती भारतातील ब्रिटिश हवाई दलासाठी बनली होती. नव्याने स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलानेही वापिटी विमानांनंतर हार्ट व ऑडॅक्स वापरली. अफगाणिस्तानाला विकलेल्या हाइंड विमानांपैकी एक १९७० च्या सुमारास काबूलहून इंग्लंडला परत आणण्यात आले. ते शटलवर्थ संग्रहात असून उडण्याच्या स्थितीत ठेवलेले आहे. त्याच संग्रहात हक्स स्टार्टर हे जुन्या फोर्ड मोटारीवर बसवलेले साहाय्यक वाहन आहे. मोटारीच्या एंजिनाने फिरणारा एक दांडा विमानाच्या पंख्याच्या मध्यावरील आकड्यात अडकवून एंजिन सुरू करावयाचे, अशी ती योजना होती. संग्रहालयात प्रेक्षक विमानापाशी रेंगाळतात आणि अशा वाहनांकडे पाठ फिरवतात. परंतु जमिनीवरील त्या मोटारीवाचून त्या काळची कित्येक विमाने जागची हललीही नसती.

हरिकेन

१९३३–३४ पर्यंत द्विपंखी विमानांची मर्यादा स्पष्ट झाली होती. कॅम यांनी फ्युरीचे एकपंखी रूप आखण्यास घेतले. रोल्स-रॉइसच्या नव्या एंजिनाची (पुढे ते मर्लिन म्हणून जगप्रसिद्ध झाले) बातमी लागताच आराखडा त्याभोवती नव्याने बांधण्यात आला. आत वळून मिटणारी चाके, बंद कक्ष आणि पंखांत आठ मशीनगन अशी त्याची रचना होती. ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलँड्स येथे जॉर्ज बुलमन यांनी या विमानाचे पहिले उड्डाण केले. स्पिटफायरचे पहिले उड्डाण त्यानंतर चार महिन्यांनी झाले.

येथे एक धाडसाचा निर्णय नोंदवला पाहिजे. सरकारची मागणी हातात नसताना, १९३६ च्या प्रारंभी हॉकरच्या संचालकांनी एक हजार विमानांच्या बांधणीची तयारी सुरू करण्याचे ठरवले. जून १९३६ मध्ये सरकारने ६०० विमानांची मागणी नोंदवली, तोवर कित्येक आठवडे वाचले होते. डिसेंबर १९३७ मध्ये नॉर्थोल्ट येथील १११ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिली हरिकेन विमाने मिळाली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले, तेव्हा सुमारे ५०० हरिकेन तयार होती.

रचनेच्या दृष्टीने हरिकेन क्रांतिकारक नव्हते. रेजिनाल्ड मिचेल यांच्या स्पिटफायरचे शरीर धातूच्या पत्र्याचे आणि पंख पातळ, लंबवर्तुळाकार होते. ते वेगवान होते, पुढे सुधारत नेण्याजोगे होते, आणि बांधण्यास तितकेच कठीण होते. हरिकेनचा मागचा भाग हार्टच्याच नळ्यांच्या सांगाड्याचा, वर लाकडी पट्ट्या आणि ताणून बसवलेले कापड असा होता. सुरुवातीला पंखांवरही कापडच होते. धातूच्या पत्र्याचे पंख १९३९ मध्ये आले. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागणे कॅम यांच्या स्वभावात नव्हते. कारखान्यातील साचे, हत्यारे आणि कामगारांच्या हाताला असलेले वळण जसेच्या तसे कामी यावे, असाच मार्ग त्यांनी निवडला. त्यामुळे एक हरिकेन बांधण्यास स्पिटफायरपेक्षा बरेच कमी श्रम लागत. ग्लॉस्टर कंपनीच्या आणि कॅनडातील कारखान्यांनाही ते काम लवकर जमले.

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई दलाने ब्रिटनवर हल्ले सुरू केले. त्या लढाईत ब्रिटनच्या लढाऊ स्क्वाड्रनांपैकी बहुसंख्य हरिकेनच्या होत्या आणि शत्रूची जितकी विमाने पडली त्यांपैकी निम्म्याहून अधिक हरिकेनने पाडली. तोफेचा गोळा कापडातून आरपार जाई आणि सांगाडा शाबूत असेल तर विमान परत येई. त्याला ठिगळ लावून ते पुन्हा उडे. स्पिटफायरचा पत्रा दुरुस्त करणे इतके सोपे नव्हते. ज्या आठवड्यांत विमानांची संख्या हाच जयपराजयाचा प्रश्न होता, त्या आठवड्यांत या साधेपणाची किंमत कळून आली.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हरिकेनचा पंख जाड होता. जाड पंखाने वेगात फारशी घट होत नाही, या त्या वेळच्या प्रयोगांच्या निष्कर्षावर कॅम यांनी भिस्त ठेवली आणि ती चुकली. परिणामी जर्मन मेसरश्मिट १०९ पुढे हरिकेन उंचावर मंद पडे. याहून गंभीर बाब इंधनाच्या टाक्यांची होती. एक टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच होती आणि दोन पंखांच्या मुळाशी. आग लागली तर काही क्षणांत ती कक्षात शिरे. गोळी लागल्यावर आपोआप छिद्र बुजवणारे रबरी आवरण पुढच्या टाकीला युद्धाच्या ऐन धामधुमीत चढवावे लागले. चेहरा आणि हात भाजलेले कित्येक तरुण वैमानिक त्यानंतर वर्षानुवर्षे शस्त्रक्रियांना सामोरे गेले. ज्या विमानाने देश तारला, त्याच विमानात हे घडले, हे दोन्ही खरे आहे.

हरिकेनच्या विविध आवृत्ती उत्तर आफ्रिका, माल्टा, रशिया आणि ब्रह्मदेश येथे लढल्या. एकूण १४ हजारांहून अधिक हरिकेन बांधली गेली. भारतीय हवाई दलाच्या अनेक स्क्वाड्रननी ब्रह्मदेशच्या आघाडीवर टेहळणी आणि भूमीवरील माऱ्यासाठी हेच विमान वापरले. पुढे मार्शल ऑफ द एअर फोर्स झालेले अर्जन सिंग यांनी १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत १ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले, ते हरिकेनवरूनच.

टायफून आणि टेम्पेस्ट

हरिकेन सेवेत येण्याआधीच त्याच्या वारसदाराचे काम सुरू झाले होते. नेपियर सेबर या अवाढव्य, चोवीस सिलिंडरच्या एंजिनाभोवती टायफून बांधण्यात आले. त्याचे पहिले उड्डाण २४ फेब्रुवारी १९४० रोजी झाले. कॅम यांच्या कारकीर्दीतील हे सर्वांत दुःखद प्रकरण होय. एंजिन बेभरवशाचे, कक्षात विषारी वायू शिरण्याची तक्रार, आणि वेगात असताना शेपटीचा भागच तुटून पडण्याचे प्रकार. अशा अपघातांत अनेक वैमानिक मरण पावले. सांध्याला पट्ट्या ठोकून मजबुती देण्यात आली, परंतु दोषाचे खरे मूळ शेपटीच्या हलत्या पृष्ठभागाच्या तोलवजनाशी निगडित होते, हे उशिरा उमगले. जाड पंखामुळे उंचावर टायफून निष्प्रभ ठरले. कमी उंचीवर मात्र ते भयंकर होते. १९४४ मध्ये नॉर्मंडीत अग्निबाणांनी सज्ज टायफूननी जर्मन रणगाड्यांच्या आणि वाहनांच्या तुकड्यांवर केलेले हल्ले प्रसिद्ध आहेत. युद्ध संपल्यावर ही विमाने भंगारात गेली. तीन हजारांहून अधिक टायफूनपैकी संपूर्ण स्थितीतील एकच आज शिल्लक आहे, आणि तेही चाचणीसाठी अमेरिकेला पाठवले गेले होते म्हणून वाचले. ते रॉयल एअर फोर्स संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

पंखाच्या बाबतीतली चूक कॅम यांनी टेम्पेस्टमध्ये सुधारली. पातळ पंखात इंधन मावेना, म्हणून नाक लांबवून तेथे टाकी बसवावी लागली. १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीने लंडनवर व्ही-१ हे वैमानिकरहित उडते बॉम्ब सोडण्यास सुरुवात केली, तेव्हा कमी उंचीवर त्यांना गाठण्याइतका वेग असलेल्या थोड्या विमानांत टेम्पेस्टची गणना होई. टेम्पेस्टच्या वैमानिकांनी सहाशेहून अधिक व्ही-१ पाडले. आजच्या क्रूझ क्षेपणास्त्रांचा पूर्वज मानला जाणारा व्ही-१ आणि त्याचा पाठलाग करणारे पंख्याचे विमान आता काही संग्रहालयांत एकाच छताखाली दिसतात.

टेम्पेस्टची दुसरी आवृत्ती स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाकडे होती आणि १९४७–४८ च्या काश्मीर युद्धात तिचा उपयोग झाला. निवृत्तीनंतर या विमानांचे सांगाडे भारतात वर्षानुवर्षे पडून होते. काही दशकांनी त्यांपैकी काही ब्रिटनला नेण्यात आली. लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयातील टेम्पेस्ट हे मूळचे भारतीय सेवेतीलच विमान आहे.

जेट विमाने

युद्धोत्तर काळात कॅम यांनी जेट एंजिनाकडेही नेहमीच्याच सावधपणे पाऊल टाकले. इतर देशांत मागे वळवलेल्या पंखांचे प्रयोग चालू असताना त्यांनी २ सप्टेंबर १९४७ रोजी उडालेल्या विमानात सरळ पंखच ठेवले. त्यातील कल्पकता वेगळीच होती. जेटचा झोत शेपटीतून न सोडता दोन फाट्यांनी पंखांच्या मुळाशी बाहेर काढल्याने मागचा भाग इंधनासाठी मोकळा झाला. यातूनच नौदलाचे सी हॉक विमान जन्मले.

भारतीय नौदलाने आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी सी हॉक घेतले. ३०० क्रमांकाच्या नौदल स्क्वाड्रनने डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांतवरून उड्डाणे करून चितगाव आणि कॉक्स बाजार येथे हल्ले केले. ब्रिटिश नौदलाने आघाडीवरून काढून टाकलेले हे विमान त्या वेळी वयाने बरेच मोठे होते.

मागे वळलेल्या पंखांचे हंटर २० जुलै १९५१ रोजी नेव्हिल ड्यूक यांनी प्रथम उडवले. ७ सप्टेंबर १९५३ रोजी लाल रंगाच्या हंटरमधून ड्यूक यांनी ताशी सुमारे १,१७१ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. ते विमान इंग्लंडच्या टँगमियर येथील संग्रहालयात आहे. सेवेत आल्यावर दोष निघाले. तोफा झाडल्या की एंजिन बंद पडण्याचा धोका, आणि इंधन अपुरे. ते दूर झाल्यावर मात्र हंटर दीर्घायुषी ठरले. त्याच्या चार तोफा दारूगोळ्यासह एकाच पेटाऱ्यात बसवलेल्या असत. रिकामा पेटारा खाली उतरवून काही मिनिटांत भरलेला वर चढवता येई. बांधणाऱ्याबरोबर सांभाळणाऱ्याचाही विचार करण्याची कॅम यांची जुनी खोड येथेही दिसते. १९५७ मध्ये भारताने १६० हंटरची मागणी नोंदवली. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानातील लोंगेवाला येथे जैसलमेरहून उडालेल्या हंटरनी पाकिस्तानी रणगाड्यांचा धुव्वा उडवला.

श्वेतपत्र, क्षेपणास्त्रे आणि हॅरियर

१९४१ मध्ये सीबीई आणि १९५३ मध्ये सर हा किताब असे मान कॅम यांना मिळाले होते. १९५४–५५ मध्ये ते रॉयल एरोनॉटिकल सोसायटीचे अध्यक्षही होते. पण याच काळात त्यांच्या कामाचा पायाच हादरला. हंटरच्या स्वनातीत आवृत्तीचे काम सरकारने १९५३ मध्येच थांबवले होते. एप्रिल १९५७ मध्ये संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी संसदेसमोर श्वेतपत्र ठेवले. देशाच्या संरक्षणाची जबाबदारी यापुढे मुख्यत्वे क्षेपणास्त्रे उचलतील आणि वैमानिकाने चालवावयाच्या लढाऊ विमानांची गरज संपत जाईल, असा त्याचा रोख होता. बहुतेक नव्या विमानांच्या योजना गुंडाळल्या गेल्या. हॉकरने स्वतःच्या खर्चाने चालवलेले पी. ११२१ हे स्वनातीत विमानही अर्धवट सोडून द्यावे लागले. चौसष्टीच्या उंबरठ्यावरील माणसाला आपली विद्याच कालबाह्य ठरवल्याचे या निर्णयातून सांगितले गेले. त्या काळची ब्लडहाउंड क्षेपणास्त्रे आज संग्रहालयांत उभी आहेत. ज्या विमानांना ती हटवणार होती त्यांच्याच शेजारी, आणि तितकीच निवृत्त.

हॉकरच्या कार्यालयाला काम हवे होते. ब्रिस्टल कंपनीचे स्टॅन्ली हूकर आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्या एंजिनावर विचार करीत होते. मूळ कल्पना मिशेल व्हिबो या फ्रेंच अभियंत्याची. कॅम यांनी हूकर यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि एंजिनाची माहिती किंग्स्टनला आली. कॅम यांचे तरुण सहकारी राल्फ हूपर यांनी त्याभोवती विमान रेखाटले. एंजिनाला चार तोंडे होती. पुढच्या दोन तोंडांतून थंड हवा आणि मागच्या दोन तोंडांतून तप्त वायू बाहेर पडे. ही तोंडे खाली वळवली की विमान उभे वर उचलले जाई, मागे वळवली की पुढे धावे. हवेत स्थिर असताना तोल राखण्यासाठी नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांतून हवेचे छोटे झोत सोडले जात. कॅम यांना आरंभी या प्रकाराविषयी शंका होती. मात्र वेगळी एंजिने बसवण्यापेक्षा एकाच एंजिनाने दोन्ही कामे साधण्यातील साधेपणा त्यांच्या मनाला भिडला असावा. त्यांनी काम पुढे जाऊ दिले.

एंजिनाच्या खर्चाचा मोठा वाटा अमेरिकेच्या निधीतून आला. २१ ऑक्टोबर १९६० रोजी डन्सफोल्ड येथे बिल बेडफर्ड यांनी पी. ११२७ हे विमान दोरांनी जखडलेल्या स्थितीत प्रथम जमिनीपासून उचलले. त्या वेळी बेडफर्ड यांचा एक पाय प्लास्टरमध्ये होता. तेच विमान आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

स्वभाव आणि कार्यपद्धती

कॅम यांच्याविषयी त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणी एका मुद्द्यावर जुळतात: ते अत्यंत कडक होते. आरेखन कार्यालयात ते फेरी मारू लागले की तरुणांच्या छातीत धडकी भरे. वजन अकारण वाढवणारी रेघ दिसली, की सर्वांसमक्ष हजेरी घेतली जाई. हे सहन न झाल्याने काही जण सोडून गेले, आणि ते दोष कॅम यांच्याच पदरात पडतात. पण त्याच कार्यालयातून स्टुअर्ट डेव्हिस, रॉय चॅपलिन, राल्फ हूपर, जॉन फोझार्ड यांच्यासारखे अभियंते घडले. डेव्हिस यांनी पुढे अॅव्रो कंपनीत व्हल्कन बॉम्बफेकी विमानाचे काम तडीस नेले. विमान सुंदर दिसले पाहिजे असा कॅम यांचा आग्रह असे. हंटर पाहिल्यावर हा केवळ हट्ट नव्हता हे पटते.

कामाबाहेर त्यांना गोल्फचे वेड होते. १२ मार्च १९६६ रोजी रिचमंड येथील मैदानावर गोल्फ खेळत असताना त्यांचा मृत्यू झाला. हॅरियर या नावाच्या पहिल्या विमानाने त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, ३१ ऑगस्टला उड्डाण केले.

संग्रहालये आणि स्मृती

ब्रिटनमध्ये लंडनचे विज्ञान संग्रहालय, हेंडन व कॉस्फर्ड येथील रॉयल एअर फोर्स संग्रहालय आणि ब्रुकलँड्स संग्रहालय येथे कॅम यांच्या विमानांची जवळपास अखंड मालिका पाहता येते. ब्रुकलँड्समधील हरिकेन रशियातून भग्नावस्थेत परत आणले गेले होते. बांधणीतील शेवटचे हरिकेन ब्रिटनच्या लढाईच्या स्मृतिपथकात असून ते अजून उडते. विंडसर येथे २०१२ मध्ये नदीकाठच्या बागेत हरिकेनची पूर्णाकृती प्रतिकृती उभारण्यात आली.

पालम येथील संग्रहालयात हरिकेन, टेम्पेस्ट आणि हंटर ही तिन्ही आहेत. अभ्यासकाने ती क्रमाने पाहिल्यास हरिकेनचा जाड पंख, टेम्पेस्टचा पातळ पंख आणि हंटरचा मागे वळलेला पंख यांतील फरक पुस्तकाशिवाय कळतो. आयएनएस विक्रांत निवृत्तीनंतर काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे २०१४ मध्ये ती भंगारात काढण्यात आली.

गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. तेथे सी हॉक आणि सी हॅरियर ही दोन्ही उघड्यावर ठेवलेली आहेत. सी हॅरियर हे हॅरियरचे नौदली रूप. भारतीय नौदलात ते १९८३ च्या अखेरीस आले आणि २०१६ मध्ये दाभोळी येथील आयएनएस हंसा या तळावर त्याला निरोप देण्यात आला. ३०० क्रमांकाच्या ज्या स्क्वाड्रनने सी हॉक वापरले, तिनेच सी हॅरियर वापरले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने आणि कोकणच्या पावसाने या विमानांचा पत्रा सतत गंजू पाहतो, त्यामुळे त्यांना वेळोवेळी रंग द्यावा लागतो. सी हॉकच्या पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेली जेटची तोंडे आणि सी हॅरियरच्या कुशीतली चार वळती तोंडे जवळून पाहता येतात.